शिक्षणाचा सेस सगळ्यांकडून, सवलत कुणालाच नाही: ठाण्याच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
मा. खासदार,
ठाणे लोकसभा मतदारसंघ

विषय: मुलांच्या उच्च शिक्षणाच्या खर्चाला नव्या करप्रणालीत सूट मिळण्याबाबत

ठाणे, नोव्हेंबर २०२५

महोदय,
सस्नेह नमस्कार.

फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडला जाईल आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होईल. साठ वर्षांहून जुना १९६१ चा कायदा जाऊन त्या जागी २०२५ चा येतोय. कायदा मुळापासून नवा लिहिला जात असताना एक चूक दुरुस्त करून घ्यायची चांगली संधी होती. ती हुकली. अर्थसंकल्पाच्या निमित्तानं ती पुन्हा येते आहे, म्हणून हे पत्र.

मी नौपाड्यात करसल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पगारदार आहेत. कुणी वागळे इस्टेटमधल्या कंपनीत, कुणी ठाणे-बेलापूर रोडवरच्या आयटी पार्कमध्ये, कुणी शाळेत, कुणी महापालिकेत. फॉर्म १६ (पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) घेऊन येतात आणि दोन प्रश्न विचारतात. पहिला, नवी रेजीम घेऊ की जुनी, म्हणजे कमी दरांची पण फारशा वजावटी नसलेली नवी करप्रणाली की वजावटी देणारी जुनी? दुसरा, थोडं चाचरत: पोराच्या कॉलेजच्या फीचं काही धरता येईल का? गेली काही वर्षं या दुसऱ्या प्रश्नाला मला बहुतेक वेळा ‘नाही’ असंच उत्तर द्यावं लागतं. ते का, हे तुमच्यापुढे आकड्यांसकट मांडते.

आधी सेसबद्दल. आपल्या प्रत्येक करदात्याच्या करावर ४ टक्के ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर’ लागतो. २००४ मध्ये तो २ टक्के शिक्षण उपकर म्हणून सुरू झाला, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी म्हणून आणखी १ टक्का आला, आणि २०१८ पासून आरोग्य धरून ४ टक्के झाला. हा उपकर जुन्या करप्रणालीतही आहे आणि नव्यातही. त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, सगळा केंद्राकडे राहतो. ज्या नव्या करप्रणालीत शिक्षणाच्या नावानं हे पैसे वसूल होतात, तिथं करदात्यानं स्वतःच्या मुलाच्या शिक्षणावर केलेल्या खर्चाचा एक रुपयाही धरला जात नाही. ट्यूशन फी नाही, शैक्षणिक कर्जाचं व्याजही नाही. २०२३-२४ पासून ही नवी प्रणालीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर मुद्दाम निवडावी लागते.

यावर सरकारचं उत्तर मला माहीत आहे: जुनी प्रणाली बंद केलेली नाही, ज्याला सवलती हव्यात त्यानं ती घ्यावी. हे उत्तर कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात काय होतं ते एका उदाहरणात पाहू.

ऐरोलीत राहणारं एक कुटुंब घ्या. वडील एमआयडीसीतल्या कंपनीत, वर्षाचा पगार १६ लाख. मुलगी इंजिनिअरिंग संपवून नुकतीच बाहेर पडली आहे, अजून धड नोकरी नाही. तिच्यासाठी वडिलांनी स्वतःच्या नावावर १२ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलंय आणि वर्षाला १,२०,००० रुपये व्याज भरतात. शिवाय राहत्या घराचं कर्ज आहे, प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, मेडिक्लेम आहे. म्हणजे जुन्या प्रणालीत मिळू शकणाऱ्या जवळपास सगळ्या मोठ्या सवलती या माणसाकडे आहेत. आता मांडा हिशेब. पगारदाराची प्रमाणित वजावट (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट) ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गृहकर्जाचं व्याज २ लाख, कलम ८०सी चे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेमचे २५,००० आणि शैक्षणिक कर्जाचं व्याज १,२०,०००. हे सगळं वजा करून करपात्र उत्पन्न उरतं १०,५२,५००. त्यावर सेससह कर येतो १,३३,३८० रुपये. आणि नव्या प्रणालीत? फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट घेऊन, बाकी काहीही न दाखवता, सेससह कर १,१३,१०० रुपये.

म्हणजे जुनी प्रणाली निवडली, तर हाताशी असलेल्या सगळ्या सवलती घेऊनही त्यांना २०,२८० रुपये जास्त भरावे लागतात. कोण निवडेल? ते नवी घेतात, आणि तीच घ्या असं मीही सांगते. त्या क्षणी १,२०,००० रुपयांचं व्याज करखात्याच्या दृष्टीनं भरलंच गेलेलं नसतं. नव्या प्रणालीत हे व्याज धरलं असतं तर त्यांचा कर १८,७२० रुपयांनी कमी झाला असता. आज त्याच कुटुंबाच्या करात ४,३५० रुपये नुसते आरोग्य-शिक्षण सेसचे आहेत.

नव्या प्रणालीचे दर कमी आहेत आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, हे मी नाकारत नाही. पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत लागत नाही. हा फार मोठा दिलासा आहे आणि माझ्या कित्येक अशिलांची विवरणपत्रं त्यामुळे शून्य करावर आली. पण कमी दर सगळ्यांना सारखेच मिळतात. ज्याच्या घरात शिकणारं कुणी नाही त्याला आणि ज्याची दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात आहेत त्यालाही. कर हा देण्याच्या ऐपतीनुसार लावायचा असतो, हे तत्त्व आपल्या करव्यवस्थेत पहिल्यापासून आहे. सोळा लाख कमावून त्यातले साडेतीन लाख फी आणि हप्त्यांत घालवणाऱ्याची ऐपत आणि तेच सोळा लाख हातात राहणाऱ्याची ऐपत एकच कशी?

आणि नव्या प्रणालीत कुठलीच वजावट नाही, हेही खरं नाही. मालक कंपनीनं एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत) भरलेली रक्कम तिथं वजा होते. कुटुंब निवृत्तिवेतनावर वजावट आहे. भाड्यानं दिलेल्या दुसऱ्या घराच्या कर्जाचं व्याजसुद्धा भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतं. घोडबंदर रोडवर गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यानं दिला, तर त्याच्या व्याजाला नव्या प्रणालीत जागा आहे. मुलीला शिकवायला काढलेल्या कर्जाच्या व्याजाला नाही. भाड्यातून उत्पन्न येतं म्हणून ते व्याज धरतात, हा त्यामागचा युक्तिवाद मला कळतो. मग शिकलेल्या मुलीला पुढे मिळणाऱ्या पगारावर कर कोण घेणार आहे? तेच खातं ना?

आता जुन्या प्रणालीकडे वळते, कारण काही कुटुंबांना अजूनही तीच परवडते आणि तिथल्या तरतुदी नव्या कायद्यात आहेत तशा उचलल्या गेल्या आहेत. ८०सी चं कलम आता १२३ होईल आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाच्या ८०ई चं १२९. आकडे बदलले, दुखणी तीच राहिली.

८०सी मध्ये दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी धरली जाते. ऐकायला बरं वाटतं. पण दीड लाखाची एकच मर्यादा आहे आणि तिच्यात प्रॉव्हिडंट फंड, एलआयसी, पीपीएफ, गृहकर्जाची मुद्दल, सगळं कोंबलेलं आहे. महिना ६०,००० मूळ पगार असलेल्या माणसाचा पीएफच वर्षाला ८६,४०० रुपये जातो. त्यात फ्लॅटच्या हप्त्यातली मुद्दल घातली की दीड लाख भरतात. कॉलेजची फी दारातच उभी राहते. ही दीड लाखाची मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरली, त्याआधी ती १ लाख होती. अकरा वर्षं ती हललेली नाही. या अकरा वर्षांत फीचं काय झालं हे तुमच्या मतदारसंघातल्या कुठल्याही पालकाला विचारा.

आणि फीतलं नेमकं काय धरतात, तेही पाहा. कॉलेजची पावती समोर ठेवते. वर ट्यूशन फी, खाली डेव्हलपमेंट फी, मग युनिव्हर्सिटीची फी, परीक्षा फी, विमा, जिमखाना, लायब्ररी, आणि परत मिळणारं कॉशन मनी. यातली पहिली ओळ धरायची. डेव्हलपमेंट फी कायद्यानंच वगळलेली आहे, आणि बाकीच्या ओळीही ट्यूशन फी नाहीत. ही डेव्हलपमेंट फी कॉलेज मनाला येईल तशी लावत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यात हा भाग वेगळा मंजूर केलेला असतो. ती भरल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. सरकारनंच मंजूर केलेली, न भरता सुटका नसलेली फी करखात्याच्या लेखी देणगीच्या रांगेत बसते. मी पावतीवर पहिल्या ओळीला हायलायटर लावते आणि पालक विचारतात, ‘बाकीचे पैसे आम्ही कुठे दिले मग?’ मला यावर उत्तर सापडलेलं नाही.

जुन्या प्रणालीत शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी पगारात मिळणारा शिक्षण भत्ता एका मुलामागे महिन्याला १०० रुपयांपर्यंत करमुक्त आहे आणि वसतिगृहाचा ३०० रुपयांपर्यंत. हे आकडे गेल्या शतकातले आहेत. आज शंभर रुपयांत एका विषयाच्या जर्नलची छपाई होत नाही. यावर अधिक लिहीत नाही.

८०ई बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात मोठी गैरसोय तिथं आहे आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. या कलमाखाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाला रकमेची मर्यादा नाही, हे चांगलंच आहे. पण वजावट मिळते ती ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून जास्तीत जास्त आठ वर्षं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत मात्र परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत जाते. म्हणजे नवव्या वर्षापासून व्याज भरत राहायचं आणि सवलत काही नाही.

त्याहून वाईट म्हणजे, जो शहाणपणानं वागतो त्यालाच याचा फटका बसतो. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढत असतं. ते साचू नये म्हणून काही पालक पहिल्या वर्षापासूनच व्याज भरतात. अनेक बँका अशांना व्याजदरात एक टक्क्याची सूटही देतात. पण व्याज भरायला सुरुवात झाली की आठ वर्षांचं घड्याळ तेव्हापासूनच चालू होतं. चार वर्षं शिक्षणात आणि एक वर्ष नोकरी शोधण्यात गेलं की आठातली पाच संपतात. आणि त्या पाच वर्षांत कर्ज टप्प्याटप्प्यानं मिळत असल्यामुळे व्याज लहान असतं. पूर्ण रकमेचे मोठे हप्ते सुरू होतात तेव्हा सवलतीची तीनच वर्षं हातात उरतात. बँक ज्या सवयीला बक्षीस देते, तीच सवय करखात्यात महागात पडते. पालकांना हे कुणी आधी सांगत नाही. माझ्याकडे येतात तेव्हा वर्षं निघून गेलेली असतात.

कर्ज कुणी घ्यायचं आणि कुणासाठी, यातही कायदा आपल्या घरांपेक्षा फार अरुंद आहे. स्वतःसाठी, नवरा-बायकोसाठी, मुलांसाठी, किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्यासाठी घेतलेलंच कर्ज चालतं. भावंडं यात बसत नाहीत. वडील निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीच्या नर्सिंगचं कर्ज आपल्या नावावर घेऊन फेडणारा थोरला भाऊ ठाण्यात काही दुर्मीळ नाही. कळव्यात, कोपरीत, तुर्भ्यात अशी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. त्या भावाला एका पैशाची सवलत नाही.

बँक, सरकारनं अधिसूचित केलेली वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था सोडून दुसरीकडून काढलेला पैसाही धरत नाहीत, मग ती कंपनीतल्या कामगारांची पतपेढी का असेना. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) जागा मिळाली की ती पक्की करायला हातात मोजके दिवस असतात. तेवढ्यात बँकेचं कर्ज मंजूर होईलच असं नाही. मग दागिने ठेवून गोल्ड लोन काढलं जातं, पीएफमधून पैसे काढले जातात, पतपेढीकडे अर्ज जातो. पैसा शंभर टक्के शिक्षणावरच जातो, कॉलेजची पावती तशी असते, पण ते ‘शैक्षणिक कर्ज’ नाही म्हणून त्याचं व्याज बाद.

गरीब कुटुंबांसाठी योजना आहेत आणि त्यांची कदर करायलाच हवी. राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या ट्यूशन आणि परीक्षा फीची पूर्ण माफी मिळते. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत त्याच उत्पन्नमर्यादेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजाला ३ टक्के अनुदान आहे. माझी मागणी या योजनांमधून काही काढून घेण्याची नाही. पण ८ लाखांच्या रेषेच्या वर पाय पडला की हे दोन्ही आधार जातात. पुढे पगार जरा वाढून कराच्या टप्प्यात आला की फीही पूर्ण भरायची आणि करही पूर्ण भरायचा. मुंब्र्यापासून सीवूड्सपर्यंत मधल्या उत्पन्नाची जी लाखभर घरं म्हणा, दोन लाख म्हणा, आहेत, त्यांच्यासाठी कुठल्याच कागदावर जागा नाही.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट नव्या करप्रणालीत आली पाहिजे, ही माझी मुख्य मागणी. बाकी काही झालं नाही तरी एवढं व्हावं. आठ वर्षांची अट काढून कर्ज संपेपर्यंत ती चालू राहावी, आणि भावंडांसाठी घेतलेलं कर्जही त्यात यावं. शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली सगळी फी, डेव्हलपमेंट फी धरून, एकत्र मानली जावी आणि तिला ८०सी च्या बाहेर स्वतःची मर्यादा मिळावी.

अर्थ मंत्रालय म्हणेल की नव्या प्रणालीत वजावटी वाढवायच्या नाहीत, ती साधी ठेवायची आहे. साधेपणाला माझाही पाठिंबा आहे. रिटर्न भरणं जितकं सोपं तितकं लोकांचं भलं. मग उत्पन्नातून वजावट देण्याऐवजी थेट करात सूट द्या. १२ लाखांपर्यंतचा कर शून्य होतो तो कलम ८७ए च्या अशाच सुटीनं, म्हणजे नव्या प्रणालीला ही पद्धत परकी नाही. २००५ पर्यंत कलम ८८ खाली बचतीवरही करातच सूट मिळायची. वजावटीचा फायदा ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला जास्त आणि ५ टक्क्यांच्या टप्प्यातल्याला कमी होतो. थेट सूट दोघांना सारखी मिळते, म्हणून मला ती अधिक न्याय्य वाटते. फी आणि व्याज मिळून वर्षाला २ लाखांपर्यंतच्या खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०,००० रुपये, असा माझा प्रस्ताव आहे. अमेरिकेत एका विद्यार्थ्यामागे पदवीच्या चार वर्षांसाठी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंतची रक्कम थेट करातून वजा होते, आणि कर कमी पडला तर त्यातले १,००० डॉलरपर्यंत परतही मिळतात. तिथलं उच्च शिक्षण फार महाग आहे, त्यांची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही. पण शिक्षणाचा खर्च करात थेट मोजता येतो, हे तिथं वर्षानुवर्षं चालू आहे.

गैरवापराची भीती सांगितली जाईल. यंदाच्या विवरणपत्रात जुन्या प्रणालीत ८०ई चा दावा करताना बँकेचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, कर्ज मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम भरावी लागली. तीच माहिती नव्या प्रणालीत घ्या. फीसाठी कॉलेजचा पॅन आणि पावती क्रमांक घ्या. खोटा दावा पकडायला खात्याकडे आज पुरेशी साधनं आहेत.

लोकसभेत हा विषय नियम ३७७ खाली (सदस्यांना लोकहिताचे विषय मांडू देणारा नियम) मांडता येईल. त्याआधी अर्थ मंत्रालयाला एक तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) विचारा: ८०ई खाली किती करदात्यांनी दावा केला, आणि २०२३-२४ मध्ये नवी प्रणाली मूळ झाल्यापासून तो आकडा कसा बदलला? सवलतींमुळे सोडून द्याव्या लागणाऱ्या महसुलाचं विवरण दरवर्षी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत जोडलेलं असतं, तेव्हा ही माहिती सरकारकडे आहेच. ती सभागृहात आली, की सवलत देऊन किती बोजा पडेल यावर आकड्यांनिशी बोलता येईल. कल्याण, भिवंडी आणि मावळच्या खासदारांनाही सोबत घ्या. लोकलच्या एकाच डब्यात या सगळ्या मतदारसंघांतले पालक असतात आणि प्रश्न सगळ्यांचा एकच आहे.

वर दिलेल्या उदाहरणासारखे हिशेब, वेगवेगळ्या उत्पन्नांचे, मी नावं काढून तयार ठेवले आहेत. तुमच्या कार्यालयातून वेळ कळवली तर ते घेऊन मी येते. ज्यांना स्वतः बोलायचं आहे अशा दोन-तीन पालकांनाही सोबत आणेन. अर्थसंकल्पाआधी, शक्यतो डिसेंबरातच ही भेट व्हावी, म्हणजे मागणी मंत्रालयात वेळेवर पोचेल.

आपली,
नौपाड्यातील एक करसल्लागार